मानेवर ओला रुमाल

डोंगरात कुणाला भोवळ आली तर काय करायचं, हे आमच्या सगळ्यांना पाठ होतं. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, मानेवर ओला रुमाल बांधायचा आणि मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजायचं. माझ्या नवऱ्यानेच ते शिकवलं होतं. तो इथे आखातात, फुजैराला एका तेलाच्या टर्मिनलवर सेफ्टीचं काम बघतो. टाक्यांवर काम करणाऱ्या माणसांना ऊन लागू नये, हीच वर्षातले निम्मे महिने त्याची चिंता असते. त्यामुळे ट्रेकला निघालो की पार्किंगमध्येच तो आम्हाला उभं करायचा आणि उजळणी घ्यायचा. आम्ही हसायचो, पण म्हणून दाखवायचो. दोनदा त्याचा उपयोगही झाला होता.

इथल्या सगळ्यात उंच डोंगरावर, जबल जैसवर, बर्फ पडणार असा मेसेज दर हिवाळ्यात एकदा तरी फिरतो. बहुतेक वेळा पडतात त्या गारा, आणि लोक त्यांनाच बर्फ म्हणून व्हिडिओ टाकतात. त्या वर्षी मात्र हवामान खात्यानेच तापमान शून्याखाली जाईल असं सांगितलं होतं. माझी मैत्रीण शारजात आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहते. तिने ग्रुपवर लिहिलं, "या शनिवारी नाही गेलो तर मग थेट काश्मीर." तिचा नवरा दुबई मरीनात एका बँकेत आहे. त्याने हिशेब मांडला : काश्मीरला पाचजणांचे इतके दिरहम, म्हणजे इतके लाख रुपये, त्यापेक्षा पेट्रोल स्वस्त. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, इथेच कॉलेजात जाते. तिने आयुष्यात बर्फ पाहिला होता तो मॉलमध्ये, तिकीट काढून.

वरपर्यंत गाडीरस्ता आहे. पण अशा दिवशी अख्खा देश त्या रस्त्यावर असतो, आणि ढग खाली आले की पोलीस रस्ता बंद करतात. म्हणून माझ्या नवऱ्याने वेगळी वाट सुचवली. डोंगराच्या बाजूला एका वादीतून, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रातून, जुनी पायवाट वर जाते. वर दगडी बांधांची सोडून दिलेली शेतं आणि काही पडकी घरं आहेत. आम्ही तिथे आधी गेलो होतो. दुपारच्या जेवणापर्यंत वर, अंधाराच्या आत खाली. मी नेहमीप्रमाणे प्रत्येकाला काय आणायचं ते वाटून दिलं.

गरम कपड्यांचं म्हणाल तर इथे आमच्याकडे ते असतात ऑफिसच्या एसीसाठी. मी माझ्या टेबलाच्या खणातली शाल घेतली. मैत्रिणीच्या नवऱ्याने बँकेत घालायचा बिनबाह्यांचा स्वेटर चढवला होता आणि आत एक साधा शर्ट. त्याला बघून माझा नवरा म्हणाला, "मीटिंग आहे का वर?"

"असली तर तुम्ही मिनिट्स लिहा, साहेब," तो म्हणाला.

नीट, वारा-पाऊस अडवणारं जॅकेट फक्त माझ्या नवऱ्याकडे होतं. कंपनीने दिलेलं, पिवळं.

वाटेत एका कॅफेटेरियासमोर गाडीतूनच हॉर्न वाजवून करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा मागवला आणि उरलेला थर्मासमध्ये भरून घेतला. चढायला लागलो तेव्हा आभाळ काळवंडलेलं होतं, पण हवा छान होती. थोडं चाललो आणि पावसाचे थेंब आले.

आता, इथे राहणाऱ्या माणसाला डोंगरात पावसाची भीती एकाच गोष्टीसाठी वाटते. वादीला लोंढा येतो. वर कुठेतरी दूर पाऊस पडतो आणि तुम्ही कोरड्या पात्रात उभे असताना पाणी गाड्या उचलून नेतं. परत फिरायचं तर पात्रातूनच जावं लागलं असतं. वर चढलो तर पात्र सुटणार होतं. नवरा म्हणाला, "यल्ला, चला, बोलणं बंद. आधी पात्राच्या बाहेर पडू." त्याचं म्हणणं योग्यच होतं. आम्ही जवळजवळ पळत चढलो. सगळ्यांचं जास्तीचं पाणी त्याच्याच पाठीवर होतं. डोंगराच्या धारेवर पोचलो तेव्हा त्याचा सुती टीशर्ट घामाने पिळून काढावा असा झाला होता.

धारेवर वारा होता. असा वारा मी या देशात कधी अनुभवलेला नव्हता. मैत्रिणीचा नवरा त्या स्वेटरमध्ये कुडकुडायला लागला, आणि कुडकुडतानाही बडबडत होता. माझ्या नवऱ्याने सॅकमधून जॅकेट काढून त्याच्या अंगावर टाकलं.

"अरे, तुझं काय?"

"मी घामाने भिजलोय, दिसत नाही? घाल तू. माझं अंग तापलंय."

मी ते पाहिलं. मला ते त्याच्या स्वभावाला धरूनच वाटलं.

पुढे घरांच्या अलीकडच्या सपाटीवर पाऊस बदलला. आधी गारा, मग भिजवून निथळलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे दाणे, आणि मग खरंच, हलक्या पापुद्र्यांसारखं काहीतरी आडवं उडत यायला लागलं. काळ्या दगडांवर पांढरा थर धरला. मैत्रिणीची मुलगी दोन्ही हात पसरून उभी राहिली. मला रडू येईल असं वाटलं, आणि ते आनंदाचं होतं. तेवढी चार-पाच मिनिटं मी आजही कुणाला देणार नाही.

मग फोटो. माझा नवरा फोन धरून उभा होता, आम्ही चौघं ओळीत. तो काही फोटो काढेना.

"काढा की, भावोजी," मैत्रीण म्हणाली. "दात वाळले हसून."

"हँग झालाय," तो म्हणाला. तो अंगठ्याने पडदा दाबत होता, पण अंगठा भलतीकडेच पडत होता. मग फोन त्याच्या हातातून सुटला. तो उचलायला वाकला, आणि वाकला तो खालीच बसला.

"काय रे?" मी म्हटलं.

तो काहीतरी बोलला. शब्द एकमेकांत मिसळलेले होते, जीभ जड झाल्यासारखी.

मैत्रिणीचा नवरा म्हणाला, "साहेब, दारूबंदीच्या शारजात राहून घेतलीत का सकाळी? दंड बसेल."

आम्ही हसलो. तोही हसला, पण आमच्या नंतर, आणि जरा जास्तच वेळ. मग त्याने टीशर्टचा गळा ओढायला सुरुवात केली, आतून कोंडल्यासारखा.

"सकाळपासून घोटभर पाणी प्यायलेलं नाही यांनी," मैत्रीण म्हणाली. "आणि एवढं ओझं घेऊन पळाले."

झालं. आम्हा सगळ्यांना एकदम कळलं की काय करायचं आहे. याची तर आम्ही उजळणी करत आलो होतो. मैत्रिणीच्या नवऱ्याने त्याची सॅक काढली, पट्टा सैल केला, बूट सैल केले. मुलीने बाटलीत ओआरएसची पुडी टाकून हलवली. मैत्रिणीने त्याचं डोकं धरून त्याला ते गार पाणी पाजलं, बरंचसं गळ्यावर सांडलं. मी माझा रुमाल भिजवला, पिळला आणि त्याच्या मानेवर बांधायला लागले. आमच्यात काही गोंधळ नव्हता, कुणी कुणाच्या आड येत नव्हतं. चारी बाजूंनी बर्फ उडत होता आणि आम्ही ऊन लागलेल्या माणसावर उपचार करत होतो.

रुमालाची गाठ मारताना माझी बोटं त्याच्या मानेला लागली. माझे हात गारठून बधिर झाले होते, रुमालाचं पाणी बर्फासारखं होतं. त्याची मान त्याहून गार होती.

मी रुमाल काढून फेकला. तेव्हाच आणखी एक गोष्ट दिसली. आम्ही चौघंही कुडकुडत होतो. तो थरथरत नव्हता. अगदी शांत बसला होता.

"पाणी बंद करा," मी म्हटलं. "याला थंडी बाधली आहे. आपण त्याला अजून गार करतोय."

कुणी वाद घातला नाही. मैत्रिणीने बाटली खाली ठेवली आणि स्वतःचे हात असे मागे घेतले की ते मला अजून दिसतात.

पडकी घरं समोरच होती. तिथल्या जुन्या लोकांनी ती निम्मी जमिनीत खणून बांधलेली असतात, जाड दगडी भिंती, दाराशी वाकून आत उतरायचं. एकाचं छप्पर शाबूत होतं. आम्ही त्याला दोन्ही बाजूंनी धरून तिथे नेलं. तो पाय टाकत होता, पण पाय कुठे पडतोय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. दारातून उतरवताना त्याचं डोकं वर दगडाला लागलं आणि तो "आई गं" सुद्धा म्हणाला नाही. त्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त घाबरवलं.

आत अंधार होता, ओल होती, पण वारा नव्हता. मी सूचना द्यायला लागले. मला तेवढं येतं, आणि तेवढा वेळ भीती बाजूला थांबते. ओला टीशर्ट काढा. माझी शाल थेट अंगाला. त्यावर पिवळं जॅकेट. मैत्रिणीच्या नवऱ्याने ते काढताना एवढंच म्हटलं, "हे मी घ्यायलाच नको होतं, वहिनी." मी म्हटलं, "ते नंतर." खाली दगड गार होता, म्हणून रिकाम्या सॅक अंथरल्या. मैत्रीण चटई विसरली होती, म्हणून बसायला तिने गाडीच्या काचेला उन्हात लावतात तो चंदेरी पडदा आणला होता. मुलीने तो उलगडला आणि ती म्हणाली, "मावशी, रॅप हिम इन धिस." आम्ही त्याला त्या चंदेरी पडद्यात गुंडाळलं. पायात मैत्रिणीने तिचे जास्तीचे मोजे चढवले. त्याची नखं निळसर झाली होती.

फोनला रेंज नव्हती. ओमानची हद्द जवळच आहे; सकाळी धारेवर ओमानमध्ये स्वागत असल्याचा मेसेज आला होता, म्हणजे तिथे कुठलं तरी नेटवर्क मिळत होतं. मैत्रिणीचा नवरा आणि मुलगी फोन करायला तिकडे निघाले. बर्फ पडतच होता. तो नुसत्या शर्ट-स्वेटरवर निघाला, तेव्हा मैत्रिणीने स्वतःची ओढणी त्याच्या डोक्याला आणि कानांना घट्ट गुंडाळली. "लवकर या," ती म्हणाली, "आणि तुम्हीही कुठे बसू नका." मग दारात उभी राहून ती त्या दिशेला बघत राहिली. आता तिचीही माणसं बाहेर होती.

मी नवऱ्याच्या पाठीमागे बसले, त्याला छातीशी धरलं. थर्मासमधला चहा अजून बऱ्यापैकी गरम होता. मी कप त्याच्या ओठांना लावला. त्याने तोंड फिरवलं.

"चहा घे. गरम आहे."

तो मान वळवून माझ्याकडे पाहत राहिला. ती नजर कशी होती ते मला नीट सांगता येत नाही. रिसेप्शनवर अनोळखी माणूस बसलेला असावा आणि आपण घाईत असावं, तशी. मग तो हिंदीत म्हणाला, "मॅडम, आप यहाँ अलाउड नहीं हैं. बाहर वेट कीजिए."

तो टर्मिनलवर होता. तिथे सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात. आणि मी, त्याच्याशी इतकी वर्षं संसार केलेली बाई, तिथे परवान्याशिवाय शिरले होते.

"अरे, मी आहे," मी म्हटलं. "बघ ना माझ्याकडे."

"बाहर, मॅडम. प्लीज." किती सौजन्याने बोलत होता. घरी तो असा कधी बोलत नाही.

मैत्रीण दारातून मागे वळून पाहत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. माझं डोकं त्या वेळी स्वतःच काम करत होतं आणि काय काम करत होतं ते सांगायला हवं. त्याच्या आईला पुण्यात फोन कुणी करायचा, आधी दिराला की थेट तिला. आमच्या मुलाला कॅनडाहून यायला किती वेळ लागेल. त्याच्या पासपोर्टची प्रत कुठे आहे, देह भारतात नेण्याच्या परवानगीला कुठली कागदपत्रं लागतात. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकासाठी मी ती गोळा केली होती, म्हणून क्रम ठाऊक होता. तो माझ्या हातांत श्वास घेत होता आणि मी त्याच्यानंतरची व्यवस्था लावत होते. मी ते थांबवू शकत नव्हते. मला जन्मात कशाची एवढी भीती वाटली नाही, जेवढी त्या क्षणी स्वतःच्या डोक्याची वाटली.

चहा गार होत होता. मी सूर बदलला.

"सर," मी हिंदीत म्हटलं, "शिफ्ट खतम हो गया. आपके लिए चाय भेजा है. पीना पड़ेगा."

माझं हिंदी असंच आहे, लिंग-वचनाचा पत्ता नसलेलं. तो थोडा विचारात पडला.

"किसने भेजा?"

"मॅनेजर साहब ने."

त्याने कप धरायचा प्रयत्न केला. त्याला धरता आला नाही; मी धरला. तो घोट गिळतोय ना, ठसका लागत नाही ना, हे मी त्याच्या गळ्यावर बोट ठेवून पाहत होते. एक घोट. थांबून दुसरा. मैत्रिणीने चहात पाकिटातला गूळ चुरून टाकला, मी ढवळून पुन्हा पाजला. मग ती समोरून येऊन त्याला चिकटून बसली. एरवी आमच्यात भावोजींना असं धरून बसायची रीत नाही. ती बसली. आम्ही दोघींनी त्याला मध्ये घेतलं आणि बसून राहिलो. तो मधूनमधून कुठल्याशा व्हॉल्व्हबद्दल विचारत होता. मी "बंद किया सर" म्हणत होते.

बापलेक परत आले तेव्हा मैत्रिणीच्या घशातून एक आवाज आला, हुंदकाही नाही आणि शब्दही नाही. बचाव पथकाला फोन लागला होता. या ढगात हेलिकॉप्टर येणार नाही, पण खालून माणसं चढायला लागली आहेत. त्याला कोरडं ठेवा, हातपाय चोळू नका, चालवू नका, गिळता येत असेल तरच गरम आणि गोड द्या.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"मी विचारलं, वहिनी. इन्शाल्ला लवकर, म्हणाला."

ऑफिसात मी या शब्दावर चिडते. सप्लायर इन्शाल्ला म्हणाला की मी तारीख मागते. त्या दिवशी मला तारीख मागायला कुणी नव्हतं.

"हाऊ इज काका?" मुलीने विचारलं. मग त्याचं बोलणं ऐकून ती हळूच म्हणाली, "ही इज नॉट मेकिंग सेन्स."

"चहा पितोय," मी म्हटलं. माझ्याकडे तेवढंच सांगण्यासारखं होतं.

सुरुवातीला मला वाटलं मीच थरथरतेय. मग लक्षात आलं, ते त्याच्या अंगातून येत होतं. आधी खांद्यात बारीक, मग पाठीत, मग सगळं अंग. दात एकमेकांवर वाजायला लागले, तो चंदेरी पडदा खडखड वाजायला लागला. मैत्रिणीने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "थरथरू दे. हेच पाहिजे." मला ते खरंच माहीत होतं की मी स्वतःला सांगत होते, कोण जाणे. तो इतक्या जोरात थरथरत होता की आम्हा दोघींना त्याला धरता येईना, आणि ते बराच वेळ चाललं. मी थर्मासमधला शेवटचा चहा ओतला. अर्धा त्याच्या हनुवटीवर गेला.

"किती गोड," तो म्हणाला.

दात वाजत होते, पण शब्द मराठी होते.

"पाक केलायस नुसता," तो म्हणाला. "कोणी घातलाय एवढा गूळ?"

"मी, भावोजी," मैत्रीण म्हणाली, आणि मग ती रडायला लागली, आणि तिचा नवरा बाहेर जाऊन उभा राहिला.

माणसं आली तेव्हा दिवस कलला होता. त्यांनी त्याला तपासलं, खरी ब्लँकेटं गुंडाळली, छातीशी आणि काखेत गरम पिशव्या ठेवल्या. त्यांच्यातल्या मोठ्याने मला सांगितलं की अजून धोका टळला असं समजू नका, खाली नेताना पुन्हा गार पडू शकतो. झोपू देऊ नका, बोलत राहा. त्यांनी त्याला स्ट्रेचरवर बांधलं. बर्फ थांबला होता आणि दगडांवरचा सगळा वितळून गेला होता, जणू काही पडलंच नव्हतं.

पायवाट अरुंद होती. मी स्ट्रेचरच्या मागून चालत होते, मला त्याच्या डोक्याचा फक्त वरचा भाग दिसत होता. म्हणून मी प्रश्न विचारत राहिले. गाडीची नोंदणी कधी संपते. आईंच्या बीपीच्या गोळीचं नाव काय. गीझरवाल्याला तू शेवटचे किती दिलेस. तो उत्तरं देत होता, सावकाश, जड जिभेने, कधी चुकीची. चुकीचं आलं की मी लगेच पुढचा विचारायचे. एका वळणावर तो गप्प झाला. मी पुन्हा विचारलं. उत्तर नाही. पुढचे लोक उतारावर पाय जमवत होते, त्यांना थांबवता येत नव्हतं.

"सुनिए सर," मी हिंदीत हाक मारली. पुन्हा मराठीला उत्तर आलं नसतं तर काय, म्हणून हिंदीच तोंडात आलं.

"सर काय?" तो म्हणाला. "ऐकतोय मी. किती प्रश्न विचारतेस."

"मग उत्तर दे ना."

"विचार."

माझे प्रश्न संपले होते. मी पहिल्यापासून सुरुवात केली.